डोक्यातलं कॉन्व्हेंट बाजूला ठेवा: न्यू जर्सीत कॅथलिक हायस्कूल निवडताना काय बघायचं

एडिसन, मेटुचन, साउथ प्लेनफील्ड या पट्ट्यात मराठी घरातलं पोर आठवीत गेलं की कोणीतरी हमखास विचारतं, "कॅथलिक स्कूल बघताय का?" आणि मग आईबाबांच्या डोळ्यांसमोर आपलं लहानपण उभं राहतं. दगडी इमारत, पांढऱ्या झग्यातले फादर, इस्त्रीचा युनिफॉर्म, इंग्लिशमध्ये नाही बोललं तर शिक्षा. "कॉन्व्हेंट आहे ना, मग चांगलंच असणार." मीही अशीच सुरुवात केली होती. दोन मुलांच्या वेळी मिळून सात शाळांची ओपन हाउस (शाळा पालकांना बघायला खुली ठेवतात तो दिवस) बघितली, एका शाळेच्या बाबतीत आमचा अंदाज चांगलाच चुकला, आणि त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितेय कारण हे आपल्या लोकांना कोणी नीट बसून सांगत नाही.

सगळ्यात पहिली गोष्ट, इथलं कॅथलिक हायस्कूल म्हणजे आपल्या आठवणीतलं कॉन्व्हेंट नाही. चालवणारे लोक कधीकधी तेच असतात, म्हणजे पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स 1867 चं आणि जर्सी सिटीचं सेंट पीटर्स प्रेप 1872 चं, दोन्ही जेझुइट या धर्मसंघाच्या फादरांची. पण आपल्याकडे शाळेत कॅथलिक मुलं कॅटेकिझमच्या तासाला जायची आणि बाकीचे आम्ही मॉरल सायन्सला बसायचो, आठवतंय? ती काही कोणाची मेहेरबानी नव्हती. आपल्या राज्यघटनेचं कलम 28 आहे, त्यानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही, आणि मूल लहान असेल तर ही संमती पालकांची लागते. अमेरिकेत मामला पूर्ण वेगळा. इथे सरकारी शाळेत धर्म शिकवता येत नाही, आणि खाजगी शाळेला तो शिकवायची पूर्ण मोकळीक आहे. 1925 साली पिअर्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलांना फक्त सरकारी शाळेतच घाला अशी सक्ती राज्य करू शकत नाही, निवड पालकांची. पण एकदा आपण निवड केली की शाळेचे नियम आपण मान्य केले असं धरलं जातं. त्यामुळे थिऑलॉजी, म्हणजे धर्माचा विषय, चारही वर्षं, सगळ्यांना, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे मार्क जीपीएमध्ये, म्हणजे एकूण सरासरीत, धरले जातात.

हे ऐकून घाबरायचं कारण नाही. देशभरातल्या कॅथलिक शाळांमध्ये साधारण पाचातलं एक मूल कॅथलिक नसतं, आणि परीक्षेत तपासतात ते तुम्हाला विषय समजला का हे, तुमचा विश्वास आहे का हे नाही. माझ्या मुलाने नववीत बायबलवर निबंध लिहिले, अकरावीत नीतिशास्त्र शिकला, आणि जगातले धर्म या कोर्सच्या वेळी हिंदू धर्मावरचं पुस्तकातलं पान वाचून घरी येऊन मला इतके प्रश्न विचारले की मलाच शोधाशोध करावी लागली. हे मला आवडलं, मनापासून आवडलं. पण मास, म्हणजे त्यांची सामूहिक प्रार्थना, कशी असते ते आधी बघून घ्या. अख्खी शाळा जिममध्ये किंवा चॅपलमध्ये बसते, कम्युनियनच्या, म्हणजे फादर पवित्र भाकर देतात त्या, वेळी ओळीने सगळे उठतात, कॅथलिक नसलेली मुलं छातीवर हातांची फुली करून पुढे जातात आणि फादर फक्त आशीर्वाद देतात, किंवा मग जागेवर बसून राहिलं तरी चालतं. कम्युनियन घ्यायचं नसतं, हे पोराला पहिल्या दिवसाआधी घरीच सांगून ठेवा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला कोणी सांगितलंच नव्हतं, ती हात पुढे करून उभी राहिली आणि नंतर लाजून दोन दिवस शाळेत जायला तयार नव्हती. एवढीशी गोष्ट, पण चौदा वर्षांच्या मुलीसाठी एवढीशी नसते.

कॅलेंडरही बघा. 8 डिसेंबरला बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातल्या, शुक्रवारी कॅन्टीनमध्ये मांसाहार नसतो (आपल्या शाकाहारी पोरांची चंगळ), पण दिवाळीची सुट्टी, जी आता इथल्या काही गावांच्या पब्लिक शाळांना मिळते, ती इथे मिळेलच असं नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी टेस्ट असेल तर काय करता, असं ओपन हाउसमध्ये सरळ विचारा. उत्तर काय देतात यापेक्षा कसं देतात ते ऐका, त्यावरून बरंच कळतं.

आता शाळा कोणाची आहे हा प्रश्न, जो कोणीच विचारत नाही. सगळ्या कॅथलिक शाळा एका मालकाच्या नसतात. काही डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या कारभाराखालच्या, जसं एडिसनचं सेंट थॉमस ऍक्वायनस मेटुचन डायोसिसचं. काही एखाद्या धर्मसंघाच्या, मेटुचनचं सेंट जोसेफ ब्रदर्स ऑफ द सेक्रेड हार्टचं, मॉरिसटाउनचं डेलबार्टन बेनेडिक्टाइन मठाचं. याने फरक काय पडतो? एक तर शाळेचा स्वभाव. जेझुइटांकडे वादविवाद, समाजसेवा आणि "दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं" यावर भर दिसेल, बेनेडिक्टाइन शाळेत मठाची एक शांतता जाणवते. दुसरं म्हणजे पैशाचे निर्णय कोण घेतं. डायोसिसने ठरवलं की अमुक शाळा परवडत नाही, तर ती शाळा बंद होते, मग पालक कितीही रडोत.

आणि बंद होणं हा खरा धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅथलिक शाळांत 50 लाखांच्या वर मुलं होती, आज साधारण 17 लाख आहेत. याचं कारण समजून घेतलं की फीचंही कोडं सुटतं. तेव्हा वर्गावर बहुतेक नन आणि ब्रदर असायचे, ते जवळजवळ बिनपगारी शिकवायचे, त्यामुळे कामगार वस्तीतल्या आयरिश, इटालियन, पोलिश घरांना फी नाममात्र पडायची. नंतर नन आणि ब्रदरच कमी होत गेले, आज शिकवणारे जवळपास सगळे आपल्यासारखे पगारदार, कर्जाचे हप्ते भरणारे लोक आहेत. खर्च वाढला, तो फीमध्ये आला, फी वाढली तशी मुलं कमी झाली, मुलं कमी झाली तशी उरलेल्यांवरची फी आणखी वाढली. जर्सी सिटीचं सेंट अँथनी हायस्कूल बास्केटबॉलमध्ये देशभर गाजलेलं होतं, त्यांचे कोच बॉब हर्ली हॉल ऑफ फेममध्ये आहेत, तरी 2017 मध्ये पैशाअभावी ती शाळा बंद झाली. म्हणजे नुसतं नाव मोठं असून भागत नाही.

मग शाळेची तब्येत कशी ओळखायची? इतर संस्थांचा हिशोब टॅक्सच्या फॉर्म 990 मध्ये बघायला मिळतो पण चर्चशी जोडलेल्या शाळांना तो भरावा लागत नाही, त्यामुळे आपल्याला विचारूनच माहिती काढावी लागते. गेल्या पाच वर्षांत नववीत दरवर्षी किती मुलं आली, एवढा एकच प्रश्न विचारा. 160, 155, 158 असं असेल तर ठीक. 160 वरून 140, 115, 95 असं उतरत आलं असेल तर पोर बारावीला जाईपर्यंत शाळा कुठे असेल याचा विचार करावा लागेल. आणि त्याच जोडीला, नववीत जे आले त्यातले बारावीपर्यंत किती टिकले? मधे खूप मुलं गेली असतील तर का गेली, फीमुळे, अभ्यासामुळे की वातावरणामुळे, हेही विचारा. नीट चाललेली शाळा हे आकडे लगेच देते, असा माझा अनुभव.

आता कॉलेजचे बोर्ड. प्रत्येक ओपन हाउसमध्ये लॉबीत एक मोठ्ठा बॅनर असतो, त्यावर साठ-सत्तर कॉलेजांची नावं, आणि खाली "यंदाच्या बॅचला इतके कोटी डॉलर स्कॉलरशिप". पहिल्यांदा बघितलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं बघ, काय जबरदस्त!" मीही भारावले. मग घरी येऊन कागद-पेन घेतलं. समजा बारावीत 150 मुलं आहेत, आणि प्रत्येकाला तीन कॉलेजांनी दरवर्षी 25 हजारांची, म्हणजे चार वर्षांची 1 लाखाची स्कॉलरशिप देऊ केली. 150 गुणिले 3 गुणिले 1 लाख, झाले साडेचार कोटी डॉलर. आता मूल जाणार एकाच कॉलेजात, म्हणजे त्यातली दोन तृतीयांश रक्कम कोणाच्याच खिशात येत नाही, आणि बऱ्याच खाजगी कॉलेजांची अशी स्कॉलरशिप म्हणजे छापील फीवरची सूट असते, जी तिथे जवळजवळ सगळ्यांनाच मिळते. कॉलेजांच्या यादीचंही तेच. ऍडमिशन मिळालेल्यांची यादी आणि प्रत्यक्ष गेलेल्यांची यादी या दोन वेगळ्या गोष्टी. एक हुशार मुलगी बारा ठिकाणी सिलेक्ट झाली की बॅनरवर बारा नावं वाढतात. म्हणून विचारायचं ते हे, की गेल्या तीन वर्षांत मुलं प्रत्यक्ष कुठे गेली आणि प्रत्येक ठिकाणी किती. हे शाळा कॉलेजांना जे स्कूल प्रोफाइल पाठवते त्यात बहुतेक वेळा असतं, दोन पानांचा कागद असतो तो, मागितला तर देतात. बॅनर सोडा, तो कागद वाचा.

हे एवढं खोदून का विचारायचं? कारण पब्लिक शाळेचा सगळा लेखाजोखा राज्य सरकार परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये छापतं, खाजगी शाळेचा नाही, आणि राज्याच्या परीक्षाही त्यांना बंधनकारक नाहीत. म्हणजे जेपी स्टीव्हन्स या एडिसनच्या पब्लिक हायस्कूलची माहिती तुम्ही घरबसल्या काढू शकता, पण कॅथलिक शाळेची माहिती शाळा जेवढी देईल तेवढीच. एपीचंही (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) तसंच, "आमच्याकडे 20 एपी आहेत" याला फारसा अर्थ नाही, किती मुलं परीक्षेला बसली आणि त्यातल्या किती जणांना 3 किंवा वर मिळाले ते विचारा.

आपल्या मुलांसाठी सगळ्यात नाजूक जागा म्हणजे गणित, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. आपली बरीच मुलं आठवीत जिओमेट्री संपवून बसलेली असतात. पब्लिक शाळेत त्यांना पुढचा वर्ग आपोआप मिळतो कारण शाळांचा जिल्हा (स्कूल डिस्ट्रिक्ट) एकच असतो. कॅथलिक हायस्कूलमध्ये मुलं तीस-चाळीस वेगवेगळ्या शाळांतून येतात, त्यामुळे ते प्लेसमेंट टेस्ट घेतात आणि काही ठिकाणी कितीही पुढे असलात तरी नववीत जिओमेट्रीच्या पुढे बसवत नाहीत. मग मूल जे शिकलंय तेच परत, पूर्ण वर्षभर. आमच्या मोठ्याच्या वेळी नेमकं हेच होणार होतं. म्हणून लेखी विचारा की अल्जिब्रा 2 नववीत मिळेल का, कॅल्क्युलस बीसी (एपीतला कॅल्क्युलसचा वरचा कोर्स) आहे का, आणि ते अकरावीत संपलं तर बारावीत काय. "बघू, मुलाप्रमाणे ठरवतो" या उत्तरावर विसंबू नका, मागच्या वर्षी असं कोणी मूल होतं का आणि त्याला काय दिलं ते विचारा. उलट बाजूही सांगते. ज्या मुलाला गणितात धाप लागते, चारशे-पाचशे मुलांच्या वर्षात जे दिसेनासं होतं, त्याला दीडशे मुलांच्या वर्षात कोणीतरी नावाने ओळखतं, आणि हा फायदा कुठल्याच बॅनरवर लिहिलेला नसतो. माझा धाकटा असाच. त्याच्यासाठी आम्ही कॅथलिक शाळा घेतली, मोठ्यासाठी नाही घेतली, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला आजही वाटतं. मोठा एडिसनच्या मॅग्नेट स्कूलला, म्हणजे निवडून प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेला गेला, जिथे एक डॉलर फी नाही. ही तुलना प्रामाणिकपणे करा. कॅथलिक शाळेची तुलना आपल्या आठवणीतल्या कॉन्व्हेंटशी नाही, तर घराजवळच्या फुकट मिळणाऱ्या पब्लिक शाळेशी करायची असते.

मुलाला एडीएचडी, डिस्लेक्सिया असं काही असेल तर हा भाग दोनदा वाचा. पब्लिक शाळेत आयईपी, म्हणजे त्या मुलासाठी आखलेली खास शिक्षण योजना, हा कायद्याने हक्क आहे. खाजगी शाळेत प्रवेश घेतला की तो हक्क तसाच्या तसा बरोबर येत नाही. धार्मिक संस्थांना अपंगत्वाच्या एडीए कायद्यातून सूट आहे, आणि 504 (अपंगत्वावरून भेदभाव रोखणारं दुसरं कलम) लागू होतो तो केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेला. न्यू जर्सीत बरं आहे की चॅप्टर 192 आणि 193 या राज्याच्या कायद्यांखाली खाजगी शाळेतल्या मुलांनाही सरकारी खर्चाने तपासणी, स्पीच थेरपी, जादा शिकवणी अशा काही सोयी मिळतात, पण आयईपीएवढं नाही. जास्तीचा वेळ, वेगळी खोली, नोट्स, जे लागेल ते शाळा देणार का हे ऍडमिशनच्या आधी लेखी घ्या. आणि हँडबुक! पन्नास-साठ पानांचं असतं, कंटाळा न करता वाचा, कारण इथे तुमच्यात आणि शाळेत जो करार आहे तो ते हँडबुक आणि फीचा कागद. पब्लिक शाळेतून मुलाला काढायचं तर सुनावणी वगैरे असते, इथे ते संरक्षण नाही, सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरूनही "दुसरी शाळा बघा" सांगू शकतात. मोबाईल, वेपिंग, कॉपी, आणि आता एआयने लिहिलेला निबंध, यावर काय लिहिलंय ते मुलाबरोबर बसून वाचा.

फीचं गणित. या भागातल्या बहुतेक शाळांचं ट्यूशन ढोबळमानाने 15 ते 25 हजार डॉलर धरा, डेलबार्टनसारख्या ठिकाणी 40 हजारांच्या वर. त्यावर रजिस्ट्रेशन, टॅब्लेट, पुस्तकं, युनिफॉर्म, खेळाची फी, रिट्रीट, बारावीची ग्रॅज्युएशन फी, शिवाय डोनेशनचा आग्रह आणि रॅफलची तिकिटं. कुठे कुठे पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, लोकांना फीत सवलत असते, तेव्हा वसईकडची आपली कॅथलिक मराठी घरं असतील त्यांनी पॅरिशमध्ये नाव नोंदवलेलं आहे ना आणि दर रविवारच्या दानाच्या पाकिटाची नोंद होतेय ना ते बघून ठेवा. मदतीसाठी फॅक्ट्ससारख्या कंपनीमार्फत उत्पन्नाची कागदपत्रं द्यावी लागतात. आणि इथेच आमचा अंदाज चुकला. पहिल्या वर्षी मदतीचं पत्र आलं, आम्ही आनंदाने चार वर्षांचा हिशोब त्यावरच मांडला. पत्रात खाली लिहिलं होतं की मदत एका वर्षापुरती. दहावीत ट्यूशन वाढलं आणि मदत निम्मी झाली, आणि सही केलेल्या करारात असं होतं की अमुक तारखेनंतर मूल काढलं तरी पूर्ण वर्षाची फी द्यावी लागेल. ते वर्ष आम्ही कसंबसं काढलं. म्हणून विचारा, ही रक्कम दरवर्षी परत मिळणार का, कशावर अवलंबून आहे, आणि गेल्या चार वर्षांत ट्यूशन किती वाढलं.

थोडा पैसा परत मिळवायच्याही वाटा आहेत. 2018 पासून 529 खात्यातून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) वर्षाला 10 हजारांपर्यंत शाळेची फी भरता येते, 2026 पासून ती मर्यादा 20 हजार झाली, फक्त राज्याच्या टॅक्सचे नियम वेगळे असू शकतात तेवढं सीपीएला विचारा. आणि न्यू जर्सीत नियमात बसत असाल तर, म्हणजे शाळा 20 मैलांच्या आत वगैरे, जिल्हा बस देतो किंवा बसच्या बदल्यात वर्षाला हजार-बाराशे डॉलर देतो. त्यासाठी बी6टी नावाचा फॉर्म भरायचा, शाळेतूनच मिळतो, मार्चच्या मध्यापर्यंत द्यायचा. हे पैसे आपली माणसं दरवर्षी सोडून देतात, निव्वळ माहिती नसते म्हणून.

वेळापत्रक छोटं आहे. आठवीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओपन हाउस, साधारण तेव्हाच एचएसपीटी ही प्रवेश परीक्षा (अडीच तासांची, 298 प्रश्न, भाषा आणि गणिताचे पाच भाग, दोन-तीन सराव पेपर सोडवले तर पुरतं, क्लास लावायची गरज नाही), हिवाळ्यात निकाल, मग डिपॉझिट. काही शाळांची परीक्षा वेगळी असते, ते आधी बघा.

आणि मधे शॅडो डे, म्हणजे तुमचं मूल एक पूर्ण दिवस तिथल्या एका मुलाबरोबर सगळ्या तासांना बसतं. हा दिवस चुकवू नका. संध्याकाळी गाडीत "शाळा आवडली का" असं विचारलं तर "ठीक होती" एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा, डबा कोणाबरोबर खाल्लास, एकटं बसलेलं कोणी होतं का, तास संपल्यावर मुलं सरांशी बोलत थांबत होती की पळत होती. धाकटा पहिल्या शाळेतून आला तेव्हा म्हणाला, "आई, सगळे छान होते, पण मला दिवसभर 'व्हिजिटर' म्हणत होते." दुसऱ्या शाळेत केमिस्ट्रीच्या सरांनी त्याचं नाव विचारलं, चुकीचं उच्चारलं, परत विचारलं, फळ्यावर अक्षरं फोडून लिहिलं आणि तास संपताना बरोबर म्हणून दाखवलं. हे सांगताना तो घरी पोचेपर्यंत बोलत होता, जे आमच्याकडे सहसा होत नाही. त्या रात्री आम्ही फॉर्म भरला.